काश्मीरचं खोरं: शेती मातीवर चालते की निचऱ्यावर?

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. काश्मीरचं खोरं एवढं सुपीक म्हणतात, तर तिथल्या बऱ्याच जमिनीत वर्षाला एकच मुख्य पीक का निघतं? केशर श्रीनगरजवळच्या पांपोरच्या टेकाडांवर होतं, मग त्याच टेकाडांच्या पायथ्याशी असलेल्या भातखाचरात का होत नाही? आणि सध्या भात मोडून सफरचंद लावायची जी लाट आली आहे, ती शहाणपणाची आहे का? माझं काम मृदा तपासणी आणि फळबागांच्या आखणीचं, त्या अंगानं उत्तर देतो. तिन्ही प्रश्नांचं मूळ मला एकच दिसतं. या खोऱ्यात पाणी कमी नाही आणि मातीही वाईट नाही. आलेलं पाणी कुठून आणि किती लवकर निघून जातं, यावर तिथलं पीक ठरतं.

आधी जागेचा आकार डोळ्यांसमोर आणा. साधारण १३५ किलोमीटर लांब आणि ३०-४० किलोमीटर रुंद असं हे लांबट खोरं आहे. नैऋत्येला पीर पंजाल, ईशान्येला हिमालयाची मुख्य रांग, आणि तळ समुद्रसपाटीपासून सरासरी १,६०० मीटरवर. दोन्ही बाजूंनी नद्या-नाले उतरतात: लिद्दर, सिंध, विशव, रामबियारा. (ही सिंध म्हणजे सोनमर्गकडून येणारी झेलमची उपनदी, मोठी सिंधू वेगळी.) हे सगळं पाणी झेलममध्ये येतं. झेलम वेरीनागच्या झऱ्यापासून निघते, अनंतनाग आणि श्रीनगरवरून वुलर सरोवरात शिरते आणि बारामुल्लाजवळच्या अरुंद घळीतून बाहेर पडते. बाहेर जायला वाट एवढी एकच. काठ उंच असलेल्या परातीला एकाच जागी खाच पाडावी, तसं हे खोरं आहे.

ही खाच नेहमीपासून नव्हती. सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी पीर पंजाल वर उचलला जाऊ लागला, त्यानं पाण्याची वाट अडली आणि आतमध्ये प्रचंड सरोवर साचलं. त्याच्या तळाशी चिकणमाती, गाळ, वाळू, गोटे असे थर बसत गेले. काही ठिकाणी त्यांची एकूण जाडी १,३०० मीटरपर्यंत भरते. पुढे बारामुल्लाची बाजू कापली गेली, सरोवर ओसरलं आणि तळ उघडा पडला. नीलमत पुराणात सतीसराची कथा आहे: सरोवरात जलोद्भव नावाचा राक्षस, कश्यप ऋषींची खटपट, डोंगर फोडून पाणी काढून देणं. तिला भूशास्त्राचा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण सरोवर ओसरण्याचा काळ आणि कथा रचण्याचा काळ यांत हजारो पिढ्यांचं अंतर आहे. मला वाटतं, पुराच्या वर्षी अर्धं खोरं पुन्हा सरोवर झालेलं लोक बघत आले असतील. तेवढं पाहणं कथेला पुरेसं आहे.

उघड्या पडलेल्या या तळाचे जे सपाट माथ्याचे तुकडे नद्यांनी कापून मागे ठेवले, त्यांना करेवा म्हणतात. काश्मिरीत त्यांनाच वुडर म्हणतात. पीर पंजाल नंतरही वर चढत राहिला, त्यामुळे त्या बाजूचे करेवे जास्त रुंद, जास्त उंच आणि ईशान्येकडे कललेले आहेत. म्हणूनच झेलमसुद्धा खोऱ्याच्या मध्यातून न वाहता ईशान्येच्या अंगाला सरकलेली दिसते. बऱ्याच करेव्यांच्या सर्वांत वरच्या थरात वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळसर, बारीक पोताची लोएस माती आहे. भुसभुशीत, चुनखडीयुक्त, मुळांना खोल जाऊ देणारी. कोरडी असताना तिचा कडा भिंतीसारखा उभा राहतो आणि पाणी मुरलं की ढासळतो. म्हणून करेव्याच्या काठाजवळ मोकाट पाणी सोडू नका, हे मी प्रत्येक बागायतदाराला सांगतो. तिथल्या घळी बघितल्या की कारण समजतं.

तेव्हा खोरं म्हटल्यावर एकसारखं हिरवं मैदान डोळ्यांसमोर आणू नका. तिथे तीन-चार पायऱ्या आहेत. सगळ्यांत खाली झेलमचा पूरपट्टा आणि नंबल, म्हणजे दलदली. त्याच्या वर भाताचं सपाट क्षेत्र. मग एकदम चढ घेऊन करेवा. त्याच्या मागे डोंगरउतार, जिथे अक्रोड आणि मका. शेतकऱ्यांनी मातीला दिलेली नावंही पाण्याच्या वागण्यावरून आहेत. गुर्ती म्हणजे पाणी धरून ठेवणारी भारी चिकणमाती, पाऊस कमी झाला तरी भात देणारी. बहिल म्हणजे कसदार पोयटा. सेकिल म्हणजे खाली वाळू असलेली हलकी जमीन, सतत पाणी दिलं तरच पिकणारी. आणि दझनलद म्हणजे सखल, पाणथळ जागा. प्रयोगशाळेचा अहवाल नसताना एवढ्या माहितीवर मी अर्धी आखणी करू शकतो.

खाली वाहतं ते फक्त पाणी नाही. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला निरभ्र रात्री डोंगरावरची थंड, जड हवा उतारावरून घसरत येते आणि तळाशी साचते. त्यामुळे करेव्याच्या माथ्यापेक्षा नदीकाठचं शेत काही वेळा जास्त गारठतं. उंच जागा थंड आणि सखल जागा उबदार, हा नेहमीचा अंदाज अशा रात्री उलटा पडतो. बदामाला फुलं मार्चमध्ये, सगळ्या फळझाडांच्या आधी येतात, आणि एका कडक पहाटेत ती करपू शकतात. बदामाच्या जुन्या बागा करेव्यांवर आणि उतारांवर सापडतात, त्यामागे निचऱ्याची जमीन आणि थंड हवेपासून सुटका ही दोन्ही कारणं आहेत.

आता पहिला प्रश्न, एका पिकाचा. इथे मोसमी पावसाचं गणित बाजूला ठेवायचं. पीर पंजाल नैऋत्य मोसमी वाऱ्यांना बऱ्यापैकी अडवतो. श्रीनगरला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो आणि त्यातला मोठा भाग हिवाळा-वसंतात, पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे. मार्च-एप्रिल सर्वांत ओले. जून ते ऑगस्टमध्ये पिकाला पाणी हवं असतं तेव्हा आभाळाचा भरवसा नसतो. त्या वेळी उपयोगी पडतो तो डोंगरावर साठलेला बर्फ. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळाभर हळूहळू वितळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उशिरा पडलेला बर्फ मोजणीत तेवढाच भरला, तरी लवकर वाहून जातो. शेतकरी विचारतो तो बर्फ किती पडला हे नव्हे, चिल्लई कलानमध्ये किती पडला हे.

वितळलेलं पाणी कुलांनी, म्हणजे नाल्यांतून काढलेल्या पाटांनी, खाचरांपर्यंत येतं. ते बर्फाचंच पाणी, त्यामुळे गार. भाताची रोपवाटिका एप्रिल-मेमध्ये, लावणी मेच्या अखेरीपासून जूनमध्ये, कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आत, असताना गारठा लागला तर परागकण नीट तयार होत नाहीत आणि लोंबीत दाणाच भरत नाही. बांध फोडून पाणी शेतात शिरतं त्या कोपऱ्यातलं भात बाकीच्या शेतापेक्षा उशिरा निसवतं, हे तिथे सहज दिसतं. उपाय जुनाच आहे: पाणी थेट आत घेऊ नये, आधी एखाद्या उथळ खाचरातून फिरवून थोडं कोमट होऊ द्यावं.

म्हणजे पिकाच्या वाढीला लागणारी ऊब वर्षातून एकदाच, मे ते सप्टेंबर अशी सलग मिळते. भात निघाल्यावर गहू पेरला तर पुढच्या लावणीच्या आत तो पक्व होईलच असं नाही. तपकिरी मोहरी मात्र बसते. ऑक्टोबरात पेरायची, बर्फाखाली थांबते, एप्रिलमध्ये शेतं पिवळी होतात आणि मेमध्ये काढणी. पण त्यासाठी ऑक्टोबरात शेत वेळेवर वाफशावर यायला हवं. गुर्तीच्या सखल शेतात पाणी हटत नाही, पेर लांबते आणि रोप लहान असतानाच थंडीत सापडतं. दुसरं पीक घेता येईल की नाही, याचं उत्तर शेवटी निचऱ्यावर येऊन थांबतं. ओटचा चारा हा दुसरा पर्याय, तोही याच अटीवर.

भाताच्या वाणांबद्दल थोडक्यात. २,००० मीटरच्या आसपास नेहमीचं भात संपतं आणि थंडी सोसणारे वाण लागतात. सुवासिक मुश्क बुदजी कोकरनाग-सागमच्या बाजूला होतो. करपा रोगानं तो जवळजवळ संपवला होता. शालिमारच्या कृषी विद्यापीठानं तो पुन्हा उभा केला आणि २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चव आणि वास उंचीशी बांधलेला आहे. तोच वाण खाली पूरपट्ट्यात नेला तर वास उतरतो, त्यामुळे 'सगळ्या खोऱ्यात लावा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये.

केशराचा प्रश्न सर्वांत रंजक आहे. केशराच्या झाडाला बी धरत नाही. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ते वांझ आहे, लागवड फक्त कंदांनी होते. म्हणजे वर्षाचा बराच काळ पीक जमिनीत कंदाच्या रूपात पडून असतं, आणि जमीन ओली राहिली की कंद कुजतो. एप्रिल-मेमध्ये पानं वाळतात. उन्हाळ्यात वरून शेत ओसाड दिसतं, पण कोरड्या, उबदार मातीत त्याच काळात कंदाच्या आत फुलाची घडण चालू असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडा पाऊस आणि उतरता पारा मिळाला की ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जमिनीतून थेट फूल वर येतं. या वेळापत्रकाशेजारी भातखाचराचं वेळापत्रक ठेवा. जून ते ऑगस्ट तिथे पाणी उभं असतं. कंदाला नेमकी कोरड हवी, तेव्हा खाचर चिखलात असतं. उत्तर एवढंच आहे. पांपोरच्या मातीत काही गूढ द्रव्य आहे, असं मला आजवर कुठल्या तपासणीत दिसलेलं नाही. गाळवट चिकण पोयटा, थोडा चुना, किंचित विम्लधर्मी आणि पाणी न थांबणारा उंचवटा. शिवाय मोसमी पावसाचा मारा बाहेरच थोपलेला.

त्यातही पांपोरचे शेतकरी निचऱ्याची दुहेरी काळजी घेतात. करेव्याच्या सपाट माथ्यावर उंच चौकोनी वाफे, प्रत्येकाच्या चारी बाजूंना चर. जुलै ते सप्टेंबरमध्ये कंद लावतात. परंपरेनं तेच कंद दहा-पंधरा वर्षं जागचे हलवत नाहीत, आणि माझ्या मते उत्पन्न घटण्याचं ते मोठं कारण आहे. कंद दरवर्षी पोरकंद घालतो, गर्दी वाढते, कंद बारीक होतात आणि बारीक कंद फूल देत नाही. चार-पाच वर्षांनी उकरून, कुजके काढून, जाड कंद निवडून नव्या जागी लावले पाहिजेत. साळिंदर कंद उकरून खातं ते वेगळंच.

आकडे लहान आहेत. एक किलो सुकं केशर करायला सुमारे दीड लाख फुलं लागतात आणि हेक्टरी उत्पन्न दोन-चार किलो. फुलं सकाळी खुडायची आणि शक्य तितक्या लवकर निवडायची. फक्त लाल टोकं ठेवली तर मोंगरा, खालच्या पिवळ्या भागासकट ठेवली तर लच्छा. १९९० च्या दशकात साडेपाच हजार हेक्टरांच्या पुढे असलेलं क्षेत्र आता चार हजारांच्या खाली आलं आहे. २०१०-११ मध्ये राष्ट्रीय केशर अभियान सुरू झालं, २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं भेसळीला आळा बसतो आणि भाव सुधारतो. सप्टेंबर कोरडा गेला तर मात्र त्याचा उपयोग नाही. करेव्यावर पाट चढत नाही, म्हणून तुषार सिंचनाचं एखादं-दुसरं हलकं पाणी देता येणं ही या पिकाची खरी गरज आहे. इतर पिकांना नको असलेली ही उंच, कोरडी जागा केशराला मिळाली होती. आता तिच्यावर घरं आणि सफरचंद दोन्ही दावा सांगतात.

या खोऱ्यात निचऱ्याचं पहिलं मोठं सार्वजनिक काम नवव्या शतकातलं आहे. राजा अवंतिवर्म्याच्या काळात (इ.स. ८५५-८८३) सुय्य नावाच्या माणसानं ते केलं. कल्हणानं बाराव्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणीत त्याची हकिकत आहे. बारामुल्लाच्या बाजूला दरडींच्या धोंड्यांनी नदीचं तोंड अडलं होतं. सुय्यानं तिथे पाण्यात नाणी फेकली. दुष्काळानं गांजलेले लोक ती शोधायला उतरले आणि त्यांनी धोंडे उपसून काढले. मग प्रवाह सात दिवस अडवून तळ साफ केला. नाण्यांच्या गोष्टीवर विश्वास ठेवा वा ठेवू नका, परिणाम मात्र पिकाच्या भाषेत नोंदवलेला आहे: एक खारी (धान्याचं जुनं माप) तांदळाची किंमत २०० दिनारांवरून ३६ दिनारांवर आली. पाणी आणून नव्हे, काढून देऊन धान्य स्वस्त झालं. सोपोर हे गाव त्याच्याच नावाचं, सुय्यपूर.

तीच अडचण आजही आहे. १९०३ च्या पुरानंतर श्रीनगरला वळसा घालणारा पूरकालवा खोदला. सप्टेंबर २०१४ मध्ये काही दिवसांच्या संततधार पावसानंतर श्रीनगर बुडालं आणि दक्षिण काश्मीरमधलं कापणीला आलेलं भात पाण्याखाली गेलं. बारामुल्लाच्या घळीची पाणी सोडण्याची क्षमता ठरलेली, त्यामुळे वरून आलेलं जादा पाणी थांबायला जागा हवी. होकरसर, वुलर आणि बाकीच्या नंबलांचं ते काम होतं. भरावानं, गाळानं आणि विलोच्या लागवडीनं ती जागा आकसली. नंबल म्हणजे पडीक जमीन असं मानून ती भरणारा माणूस वरच्या शेतकऱ्याच्या शेतात पूर पाठवत असतो.

पाण्यावरच शेती करायची रीतही तिथे आहे. दल सरोवरातले राद, म्हणजे बोरू-लव्हाळ्याच्या गुंतलेल्या मुळांचे तरंगते पट्टे, त्यांवर शेवाळ आणि चिखल घालून टोमॅटो, काकडी, भोपळा. हे पट्टे ओढून दुसरीकडे नेता येतात, त्यामुळे जुन्या काळी शेतचोरीची प्रकरणंही होत. आख्खं शेतच चोरीला जायचं! त्याच पाण्यात नदरू, म्हणजे कमळकाकडी, आणि वुलरमध्ये शिंगाडा.

आता सफरचंद. देशातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काश्मीरमधून येतात. थंडी पुरेशी, उन्हाळा मध्यम, करेव्यांची खोल माती, ही नैसर्गिक कारणं झाली. एक कारण कायद्यातलं आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यात १८२ कनालांची, म्हणजे पावणेतेवीस एकरांची, कमाल मर्यादा होती, पण फळबागा त्यातून वगळल्या होत्या. बाग असली की जमीन वाचत होती. सोपोर-शोपियानच्या बागांच्या विस्तारामागे याचाही हात आहे.

सध्याची लाट वेगळी आहे. भाताला मजूर जास्त, पैसा कमी, आणि कुलांना पाणी उशिरा येतं. सफरचंदाचं उत्पन्न कित्येक पट. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण मी जागेवर गेलो की आधी एक खड्डा खणायला सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी केलेल्या खाचरात, नांगराच्या तळाशी, घट्ट बसलेला एक थर असतो. भाताला तो हवाच असतो, पाणी त्याच्यावर उभं राहतं. सफरचंदाची मुळं त्याच्यापाशी अडतात, मार्च-एप्रिलच्या ओल्या दिवसांत गुदमरतात, आणि झाड चार-पाच वर्षांचं होऊन फळावर आल्यावर पिवळं पडू लागतं. तोवर बराच खर्च होऊन गेलेला असतो. एम-९ सारख्या बुटक्या खुंटावरची (कलमाच्या मुळाकडच्या झाडावरची) दाट लागवड असेल, तर मुळं आणखी उथळ. त्यांना खांब-तारांचा आधार आणि ठिबक लागतं, आणि पाणी साचणं तेवढंच बाधतं.

दुसरा धोका सखल जागेतल्या ओलाव्याचा. वसंतात पानं जास्त तास ओली राहिली की खपली रोग बळावतो. १९७३ ची साथ जुन्या बागायतदारांच्या अजून तोंडी आहे. करेव्यावर वारा खेळतो, पानं लवकर सुकतात. खाचरातल्या बागेत फवारण्या वाढतात, म्हणजे जमाखर्चातला फायदा तिथेच कमी होतो. आणि २०१८ व २०१९ मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बर्फ पडला, झाडांवर पानं असताना. पानांनी बर्फ धरला आणि फांद्या खोडापासून फाटल्या. हे कुठल्याही पायरीवर होऊ शकतं, पण दाट पालवीच्या मोठ्या जुन्या झाडांना जास्त. छाटणीनं मधला भाग मोकळा ठेवलेल्या बागा त्यातून बऱ्यापैकी वाचल्या.

उलट दिशेचीही एक चूक चालू आहे. काझीगुंड-बारामुल्ला रेल्वेमार्गाच्या आणि रस्त्यांच्या भरावासाठी करेवे खोदले गेले, विटभट्ट्यांसाठी अजूनही खोदले जातात. लाखो वर्षांत बसलेला थर ट्रकमधून जातो आणि मागे राहतो तो उघडा, वाहून जाणारा कडा. फळबागेला आणि केशराला सर्वांत योग्य जमीन भरावात आणि सर्वांत अयोग्य जमिनीवर नवी बाग, अशी ही अदलाबदल आहे.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. सेकिल जमीन असेल, खाली वाळू लागत असेल आणि कुलाचं पाणी शेवटच्या टोकाला पोहोचत नसेल, तर भात सोडून सफरचंद लावा. तिथे भाताचं नुकसान होतच होतं. गुर्ती असेल तर मीटरभर खोल खड्डा खणा, वसंतातल्या मोठ्या पावसानंतर त्यात पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे भात आणि मोहरीच बरी. लावायचंच म्हणाल, तर घट्ट थर फोडून, उंच वरंब्यांवर लावा, शेजाऱ्याच्या खाचरातलं पाणी अडवणारा चर काढा आणि त्याचा खर्च रोपांच्या खर्चात धरा. दझनलद असेल तर झाड लावूच नका. आणि तुमचं शेत कुलाच्या वरच्या तोंडाशी असेल, तर खालच्या भातवाल्यांशी आधी बोला: बागेला पाणी वेगळ्या वेळी लागतं, पाटाची वार्षिक साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची असते, आणि वरच्या चार घरांनी भात सोडला की खाली पाणी पोहोचवायला माणसंच उरत नाहीत.